चार हजारला मरणारी कॅफे रेसर: एका जुन्या एक्सएस ६५० चं अख्खं प्रकरण

आधी परिस्थिती सांगतो. गाडी यामाहा एक्सएस ६५०, १९७८ ची, आणि ज्या दिवशी आम्ही ती पूर्ण जोडून पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी ती एवढी देखणी दिसत होती की रस्त्याने जाणारी माणसं मान वळवून बघत होती. पुढून थोडी वाकलेली, टाकीच्या बुडापासून शेपटीपर्यंत एक सरळ रेघ, एका माणसापुरती सीट, तिच्यामागे कुबड, आखूड सायलेन्सर, अंगावर जास्तीची एक वायर दिसेल तर शपथ. दुसऱ्या किकला सुरू झाली. स्लो छान पकडला. पहिला टाकला, दुसरा टाकला, आरपीएमचा (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा चार हजारच्या जवळ गेला आणि गाडीने अशी मान टाकली की मला वाटलं पेट्रोल कॉक बंद राहिला. फट फट करत मिसिंग, म्हणजे मधेच पेटणं चुकणं, थ्रॉटल अजून उघडला तर अजून वाईट, जरा सोडला की परत शहाण्यासारखी चालू.

गाडी बांधायला पाच महिने लागले होते, हे मिसिंग शोधायला आणखी सात आठवडे. हे लिहितोय ते त्या सात आठवड्यांबद्दल, पण रोग बांधणीतच शिरलेला असल्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आम्ही म्हणजे मी आणि माझा एक मित्र. त्याचा हात चांगला, माझं वाचन बरं, आणि दोघांनाही घाई. गाडी अशीच का घेतली, तर एक्सएस ६५० वर कॅफे रेसर (जुन्या गाडीची रेसच्या ठेवणीची, सुटसुटीत गाडी) बांधणारे जगभर खूप आहेत, त्यामुळे पार्ट मिळतात आणि माहितीही. ६५३ सीसी, दोन सिलिंडर शेजारी शेजारी, वर एक कॅमशाफ्ट, बोअर ७५ आणि स्ट्रोक ७४ मिमी. दोन्ही पिस्टन एकत्र वर एकत्र खाली, फायरिंग मात्र आलटून पालटून, म्हणून आवाज जुन्या ब्रिटिश ट्विनसारखा आणि व्हायब्रेशनही तसंच. १९७० च्या सुमाराला आली आणि ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिली. इंजिन दणकट आहे. कमजोर काय असेल तर चाळीस वर्षांची वायरिंग, चाळीस वर्षांचं रबर आणि आमच्यासारखे मालक.

एक गोष्ट मात्र आम्ही नकळत बरोबर केली. खोलायच्या आधी मित्राने गाडी दहा मिनिटं फिरवली होती आणि मी त्याचा व्हिडिओ काढला होता, मीटरचा काटा दिसेल असा. सीट फाटलेली, टाकीत गंज, पुढचे शॉकॉप तेल गाळतायत, पण काटा सहा हजारच्या पुढे सरळ गेलेला दिसतो, एकदाही न अडखळता. या व्हिडिओचं महत्त्व तेव्हा शून्य वाटलं होतं. नंतर याच व्हिडिओमुळे आम्ही इंजिन खोलायचे वाचलो, कारण जे इंजिन पाच महिन्यांपूर्वी सहा हजार फिरत होतं आणि जे आम्ही आतून उघडलंच नाही, ते आपोआप बिघडेल कसं. म्हणजे बिघाड आम्ही वरून लावलेल्या कशात तरी होता. पण कशात? आम्ही तर सगळंच बदललं होतं.

आणि हीच या प्रकरणातली खरी चूक, बाकीच्या चुका तिच्या पोटातल्या.

कॅफे रेसर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी चित्र येतं, ते मूळ प्रकरण काय होतं ते विसरायला होतं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे १९३८ ला सुरू झालं, महायुद्धात बॉम्बने उडालं, १९४९ ला परत बांधलं गेलं, आणि ५०-६० च्या दशकात तिथे जमणारी पोरं ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर गाठायच्या मागे लागलेली. त्यांनी हॅन्डल खाली का आणला, तर वाऱ्याला कमी अंग द्यावं म्हणून. फुटरेस्ट मागे का, तर खाली वाकल्यावर पाय तिथेच जातात आणि वळणात घासत नाहीत. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चेसीत बसवून ट्रायटन का केली, तर एकाचं इंजिन चांगलं आणि दुसऱ्याची चेसी चांगली. रूप त्या कामातून आलं. आम्ही उलटं केलं, रूप भिंतीवर चिकटवलं आणि त्याच्यामागे धावलो. मित्राने एक फोटो छापून आणला होता, बाजूने काढलेला, आणि पाच महिने प्रत्येक वादात तो त्या कागदावर बोट ठेवायचा. "यात बघ ना, यात किती खाली आहे." त्या फोटोतली गाडी चालते का, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

आता बांधणी. यातल्या दोन-तीन गोष्टी सविस्तर सांगतो कारण त्या आम्हाला वेळेवर कळल्या, बाकीचं उरकतो.

फोटोत मागचा टायर सीटच्या अगदी खाली होता, दोन बोटं जागा असेल नसेल. आम्ही मागच्या चेसीचे पाईप कापून तिथे अर्धगोल पाईप वेल्ड करणार होतो. वेल्डिंगवाले काका वयाने मोठे, बोलायला कमी. त्यांनी कापायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "चाक वर किती येतं?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. काका म्हणाले, "पोरांनो, शॉकॉपच्या स्प्रिंगा काढून आणा, मग बोलू." ही युक्ती ज्याला माहीत नसेल त्याने लिहून ठेवावी. मागच्या शॉकॉपच्या स्प्रिंग काढायच्या, नुसते शॉकॉप परत लावायचे आणि चाक हाताने किंवा जॅकने वर उचलत थेट बंप स्टॉपला, म्हणजे चाक वर येण्याच्या शेवटच्या टोकाला, टेकवायचं. खड्ड्यात चाक जास्तीत जास्त जिथे येणार ती ही जागा. आम्ही तसं केलं तर टायर आमच्या खडूच्या रेघेच्या चांगला वर गेला, म्हणजे फोटोप्रमाणे पाईप लावला असता तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात टायर सीटच्या पत्र्यात घुसला असता, वर बसलेल्या माणसासकट. पाईप वर घेतला. रेघ फोटोइतकी खाली बसली नाही आणि मित्र दोन दिवस नाराज होता. पुढेही तोच नियम, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकॉपच्या, स्प्रिंगा काढून गाडी खाली बसवून बघायची की टायर खालच्या टी ला (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या पट्टीला) किंवा एक्झॉस्टच्या पाईपला लागतो का.

पुढची बाजू किती खाली आणायची यावरही भांडण झालं. क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांवरच आवळायचे दोन आखूड हॅन्डल) लावले की फोर्कच्या नळ्या टी मधून वर सरकवता येतात आणि पुढून गाडी झटकन वाकलेली दिसते. मित्राला ५० मिमी पाहिजे होतं. मी हिशोब मांडला: या गाडीचा व्हीलबेस १४३५ मिमीच्या आसपास, म्हणजे पुढून दर २५ मिमी खाली गेलं की फोर्कचा कोन जवळपास एक अंशाने उभा होतो आणि ट्रेल (हॅन्डलचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) सहा-सात मिमीने कमी होतो. ५० मिमी म्हणजे दोन अंश. गाडी वळायला चपळ होईल पण वेगात हॅन्डल हलकं पडेल, आणि ही मुळातच सरळ रेषेत फार शांत गाडी नाही. शेवटी २० वर तोडगा निघाला. त्याच वेळी कोनसेटमधल्या (हॅन्डल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधल्या) सुट्या गोट्या काढून टेपर रोलर बेअरिंग टाकले आणि चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या भागाचे) प्लास्टिकचे बुश काढून पितळी टाकले. या दोन कामांचा फोटोत काहीच फरक दिसत नाही आणि चालवताना सगळ्यात जास्त फरक यांचाच पडला, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

क्लिप-ऑन ३५ मिमी फोर्कचे घेतले, बसले, आणि हॅन्डल पूर्ण वळवलं तर अंगठा टाकी आणि मुठीच्या मध्ये सापडला. तुम्ही हसाल, पण हळू वेगात यू टर्न घेताना अंगठा चिमटीत आला की माणूस क्लच सोडतो. स्टीअरिंगच्या स्टॉपवर थोडं धातू चढवून वळण कमी केलं, त्याची किंमत म्हणजे आता गाडी वळवायला अख्खा रस्ता लागतो. मागे नेलेले फुटरेस्ट लावले तर किकचा दांडा उजव्या फुटरेस्टवर आपटायला लागला, म्हणून तो फुटरेस्ट दुमडणारा घ्यावा लागला. गियरची दांडी पहिल्यांदा उलटी बसली होती, पहिला वर आणि बाकीचे खाली, रेसवाल्यांना तेच आवडतं म्हणतात पण मला जीव प्यारा असल्याने लिंकेज बदलून परत नेहमीसारखं केलं.

टाकीचा गंज, रंग, सीटचं फोम, एक्झॉस्टला गुंडाळलेली पट्टी, एलईडी इंडिकेटर, हे सगळं जसं सगळे करतात तसंच केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पट्टी गुंडाळू नका एवढंच सांगतो, आत ओल धरते आणि पाईप गंजतो.

आता ज्या चार गोष्टींनी आम्हाला मारलं त्या. एक, चेसी पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंग) करून आणली, काळी, चकचकीत, प्रत्येक बोल्टच्या भोकापर्यंत जाड थर. दोन, सेल्फ स्टार्टर काढून टाकला, वजन कमी म्हणून आणि इंजिनखाली मोकळं दिसावं म्हणून. तीन, मोठी बॅटरी काढून छोटी लिथियम बॅटरी कुबडाखाली लपवली आणि वायरिंग नव्याने, कमीत कमी तारांत केली. चार, एअर फिल्टरचा डबा फेकून कार्बोरेटरला थेट पॉड फिल्टर (तोंडावरच बसणारे सुटे छोटे फिल्टर) लावले, कारण सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसला पाहिजे, फोटोत मोकळा होता ना. हे चारही एकाच महिन्यात झालं आणि मधे एकदाही गाडी सुरू करून बघितली नाही. कशी बघणार, सुटे भाग चार ठिकाणी पडलेले.

आणि मग ते चार हजार.

पहिला संशय अर्थात कार्बोरेटरवर. पॉड लावले की हवा वाढते, मग पेट्रोल वाढवावं लागतं, हे ज्याला विचाराल तो सांगतो आणि ढोबळमानाने ते खरंही आहे. आम्ही मेन जेट (मूठ जास्त उघडल्यावर पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक पायरी मोठा टाकला. फरक नाही. अजून एक. नाही. तिसरी पायरी. मिसिंग तिथेच, चार हजारला, जणू कुणी खुंटी ठोकली आहे, फक्त प्लग आता काजळीने काळे निघायला लागले. तिसऱ्या पायरीच्या आधी मी चोक ओढून बघितला होता. मिसिंगच्या क्षणी चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय असं समजायचं. आमची सुधारली नाही, आणखी मेली. म्हणजे उत्तर दुसऱ्याच आठवड्यात हातात होतं, पेट्रोल कमी नाहीच, आणि तरीही आम्ही तिसरा जेट टाकला कारण सगळे म्हणतात पॉड लावले की पेट्रोल वाढवा. यावर मित्राचं म्हणणं असं की चोकवाली गोष्ट मी त्याला नीट सांगितलीच नव्हती. असेल.

दुसरा संशय इग्निशन. या मॉडेलला दोन पॉइंट सेट (ठिणगीसाठी करंट तोडणारे स्विच) असतात, एकेका सिलिंडरला एकेक, कॅमशाफ्टच्या डाव्या टोकाला, आणि ॲडव्हान्सची (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं उजव्या टोकाला, मधून एक बारीक दांडी जाते. पॉइंटचा गॅप बघितला, ०.३ ते ०.४ मिमीच्या मध्ये, ठीक. टायमिंग लाईट लावून बघितलं, रेस वाढवली की खूण सरकत जाऊन पूर्ण ॲडव्हान्सवर थांबतेय, तेही ठीक. कंडेन्सर बदलले, फरक शून्य.

इथे एक साधी गोष्ट आधी डोक्यात यायला हवी होती. या गाडीत दोन्ही सिलिंडरचे पॉइंट वेगळे, कॉईल वेगळी, कार्बोरेटर वेगळा. काही एक भाग खराब झाला असता तर एकच बाजू मेली असती. आमच्या दोन्ही बाजू एकाच वेळी मरत होत्या, दोन्ही प्लग सारखेच काळे. म्हणजे संशयित असा पाहिजे जो दोन्हींना समान आहे: करंट येण्याचा रस्ता, अर्थिंग (करंट परत जाण्याचा रस्ता), किंवा दोन्ही बाजूंना आम्ही सारखीच केलेली एखादी करणी. हे तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका रात्री सुचलं आणि त्या रात्री पहिल्यांदा आम्ही पाना खाली ठेवून कागद घेतला.

मग एक अपघाताने झालेला शोध. संध्याकाळी गाडी फिरवताना हेडलाईट बंद केला तर मिसिंग चार हजारवरून साडेचार हजारच्या पुढे सरकलं. सुधारणा थोडी, पण शंभर टक्के दरवेळी. लाईटचा आणि पेट्रोलचा काही संबंध नसतो. मल्टिमीटर काढला. बंद गाडीत बॅटरी तंदुरुस्त. गाडी चालू, रेस तीन हजार, हेडलाईट चालू, बॅटरीवर निदान १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत तर तिथे १२.३, आणि कॉईलच्या टोकाला अकराच्याही खाली. आता मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर लावली, इथे जवळपास शून्य यायला हवं, ०.२ पर्यंत चालतं. आले १.४ व्होल्ट.

म्हणजे इंजिन आणि बॅटरी यांच्यामधला परतीचा रस्ताच अर्धा बंद होता. आम्ही बॅटरीची निगेटिव्ह तार चेसीला लावली होती, चेसीवर पावडर कोटिंग, ज्यातून करंट जात नाही, इंजिनचे फाउंडेशन बोल्टही कोटिंगवरच आवळलेले, करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमध्ये जिथे कुठे धातूला धातू लागला असेल तिथून. आणि या गाडीत हे दुहेरी मारतं, कारण तिच्या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नाही, रोटरमध्ये तारेची गुंडाळी आहे, तिला कार्बन ब्रशमधून करंट दिला की मग ती चुंबक बनते, आणि १९७९ पर्यंतच्या मॉडेलमध्ये त्या गुंडाळीचं एक टोक इंजिनलाच अर्थ होतं. अर्थ खराब म्हणजे चुंबक कमजोर, चुंबक कमजोर म्हणजे चार्जिंग कमी, चार्जिंग कमी म्हणजे कॉईलला व्होल्ट कमी, आणि रेस वाढली की कॉईल भरायला वेळही कमी, मग ठिणगी मरते. पेट्रोल कमी पडल्यासारखी लक्षणं, पण काजळी मात्र जास्त. रोटर खराब तर नाही ना म्हणून मोजला, पाच ओमच्या आसपास निघाला, चांगला.

यात सगळ्यात चिडायला लावणारी गोष्ट सेल्फची. सेल्फ गाडीवर असता तर पहिल्याच दिवशी बटण दाबल्यावर कुरकुरला असता, कारण एवढा करंट असल्या अर्थिंगमधून जाऊच शकत नाही, आणि आम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही तो काढून टाकला होता. किक मारायला जेमतेम करंट लागतो, म्हणून गाडी दुसऱ्या किकला सुरू होऊन आम्हाला फसवत राहिली.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिन केसिंगला जाड तार ओढली, रेग्युलेटरच्या बैठकीखालचं कोटिंग खरवडलं, तिथेही वेगळी अर्थ तार दिली. फरक १.४ वरून ०.१ वर. चार्जिंग १४.२. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या, मित्राने हेल्मेट घातलं, गेला, आणि दहा मिनिटांनी तोंड पाडून परत आला. "पाच हजारला मरते."

मला त्या दिवशी खरंच गाडी विकायची होती. पण बघा, यातच सगळं प्रकरण आहे. दोन वेगवेगळे रोग होते आणि दोघांचं लक्षण एकच होतं. एक बरा केला की लक्षण थोडं सरकायचं, जायचं नाही, आणि माणूस म्हणतो छे, हे नव्हतं कारण. आमचा तर एक निष्कर्ष याच नादात आधी चुकला होता. पहिल्या आठवड्यात आम्ही पॉड काढून उघड्या कार्बोरेटरवर गाडी रेस केली होती, तेव्हाही ती थोडी सुधारली होती. आम्ही म्हणालो फिल्टर लहान आहेत, हवा अडवतायत, आणि मोठे पॉड लावले. तेवढंच मिसिंग. म्हणून पॉडवरचा संशय काढून टाकला. आता चौकशी परत तिथूनच.

पॉड काढले आणि यावेळी पॉडकडे न बघता कार्बोरेटरच्या तोंडाकडे बघितलं. यावर मिकुनीचे बीएस ३८ कार्बोरेटर आहेत, व्हॅक्युमवाले. यांच्यात आपण मूठ पिळतो तेव्हा फक्त इंजिनकडची चकती फिरते, हवेची वाट उघडणारी स्लाईड आपल्या हातात नसते. स्लाईडच्या वर एक रबरी डायफ्राम असतो, त्याच्या वरच्या बाजूला इंजिनचं खेचणं पोचतं, आणि खालच्या बाजूला बाहेरची साधी हवा. या दोन दाबांमधला फरक स्लाईडला वर उचलतो. ही बाहेरची हवा डायफ्रामखाली जाते कुठून, तर कार्बोरेटरच्या मागच्या तोंडाशी, कडेला असलेल्या एका वाटेतून. आणि आमच्या कार्बोरेटरच्या तोंडावर, बरोबर त्या वाटेवरून, रबराचा गोल काळा ठसा उमटला होता.

पॉडच्या तोंडाला आतून एक रबराची कड असते, फिल्टर किती आत सरकावा ते ठरवणारी. ती कड त्या वाटेवर बसत होती. खाली बाहेरची हवा नाही, वर खेचणं आहे पण फरकच पडत नाही, स्लाईड अर्ध्यावर लटकून राहते. मूठ पूर्ण पिळली तरी इंजिनला गळा आवळल्यासारखी हवा. मेन जेट कितीही मोठा टाका, स्लाईड आणि तिची सुई वर जातच नाही तर त्या जेटची पाळीच येत नाही, म्हणून तीन पायऱ्या चढूनही खुंटी हलली नव्हती. मोठे पॉडही त्याच बनावटीचे, त्यांचीही कड तशीच. चोकचं कोडंही इथेच सुटलं, हवाच कमी होती, त्यात चोकने पेट्रोल आणखी वाढलं.

ब्लेडने कड जिथे वाटेवर येत होती तिथे कापली, दोन्ही पॉडची. वीस मिनिटांचं काम. खात्री म्हणून मी एका बाजूचा पॉड काढून आरशात बघत राहिलो आणि मित्राने रेस दिली, स्लाईड लिफ्टसारखी सरळ वर गेली. पॉड परत लावला, गाडी बाहेर, आणि सहा हजार पार.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आणि सुखाचं होतं, कारण आता एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो आणि प्रत्येक बदल वहीत लिहीत होतो. तीन पायऱ्यांनी वाढवलेला मेन जेट आता अर्थातच जास्त झाला, एक पायरी उतरलो. स्लो जेट एक पायरी वर ठेवला, नाहीतर मूठ अगदी थोडी उघडल्यावर अडखळत होती. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरांना भेगा होत्या, तीही बदलली. मग व्हॅक्युम गेज लावून दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले, आणि प्लगचा रंग आता फिकट तपकिरी येतो. उघड्या पॉडवर गाडी आडव्या वाऱ्यात अजूनही किंचित कुरकुरते, ते जाणार नाही, त्यासाठी तो फेकलेला डबाच लागेल. मी डब्याच्या बाजूचा आहे. मित्र नाही. त्याचं म्हणणं त्रिकोण मोकळा राहिला पाहिजे.

परत केली तर काय वेगळं कराल असं काहींनी विचारलं, तर आमचा क्रम असा असेल: आधी जुन्याच सीटवर, जुन्याच डब्यावर गाडी पूर्ण तंदुरुस्त करायची, टॅपेट, कॅमचेन, ब्रेक, बेअरिंग, वायरिंग, आणि ती तशीच कुरूप अवस्थेत दोन-चारशे किलोमीटर चालवायची. मग ठेवण ठरवायची, कच्चं टाचायचं, पुन्हा चालवायची, तेही रंग न करता. फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलायचा तर तेवढाच बदलायचा आणि जेटिंग जमेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पावडर कोटिंग सगळ्यात शेवटी, आणि द्यायच्या आधी अर्थिंगच्या जागा आणि बेअरिंगच्या जागा झाकून द्यायच्या. यात दोनदा खोलाजोड होते हे मान्य आहे. आम्ही एकदाच जोडायची म्हणून निघालो होतो आणि मोजलं तर टाकी अकरा वेळा उतरवली.

सेल्फ परत बसवलाय. चेसी कापलेली गाडी आहे म्हटल्यावर कागदपत्रांचं आणि नियमांचं ज्याने त्याने आपल्या इथलं बघून घ्यावं, कापायच्या आधी बघावं.

आता राहिलेलं एकच. पुढून २० मिमी खाली आल्यामुळे साईड स्टॅन्ड लांब पडतोय, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि परवा नुसत्या धक्क्याने पलीकडे पडली, पुढच्या ब्रेकची दांडी वाकली. स्टॅन्ड कापून आखूड करायचाय, काकांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तोवर ती भिंतीला टेकून उभी असते.